पावसाचे माप यंत्राने कुठे जपून ठेवावे?

सेनगाव तालुक्यातील एका शाळेच्या मैदानात दोन पर्जन्यमापक शेजारी शेजारी उभे आहेत. एक साधा. वर नरसाळे, आत बाटली आणि सोबत खुणा केलेली काचेची मोजनळी. दुसरा आम्ही तिथल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून जुळवलेला, इलेक्ट्रॉनिक. सप्टेंबर महिन्यातील एका रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी साडेआठ वाजता मुलांनी बाटलीतले पाणी मोजले. पाऊस भरला ६२.४ मिमी. इलेक्ट्रॉनिक मापकाच्या पडद्यावर मात्र ७५.० हा आकडा होता.

दोन मापकांत थोडाफार फरक पडतोच. वाऱ्याने थेंब तिरपे येतात, नरसाळ्याच्या काठाला पाणी चिकटून राहते. पण बारा-साडेबारा मिलिमीटरचा फरक अशा कारणांनी पडत नाही. शिवाय या दोन आकड्यांच्या मधून एक रेघ जाते. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार या आकड्याला धरून होतो. आमचा मापक काही सरकारी नव्हता, त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु ज्यांच्या घरचे सोयाबीन काढणीला आले होते त्या मुलांना हा आकडा तोंडपाठ होता. नववीतल्या एकाने विचारले, "सर, यंत्र म्हणतंय अतिवृष्टी झाली, बाटली म्हणतीय नाही झाली. खरं कोणाचं धरायचं?"

खरे बाटलीचे होते. यंत्राने पाऊस बरोबर मोजला होता, पण त्याचे 'माप' हरवले होते. ते हरवले आमच्या चुकीने. ती चूक शोधता शोधता जो प्रश्न समोर आला तो असा: यंत्राने आपल्या सेटिंग्ज ठेवाव्यात तरी कुठे?

प्रथम साध्या मापकाचे पाहू. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असेल तर १० मिमी पावसाचे २०० घन सेंटीमीटर पाणी जमते. हे गणित रोज करावे लागू नये म्हणून मोजनळीवर थेट मिलिमीटरच्याच खुणा कोरलेल्या असतात. म्हणजे या नळीत एक सेटिंग दडलेली आहे, ती काचेवर कोरून ठेवली आहे. वीज गेली तरी ती पुसत नाही. मात्र १०० चौरस सेंटीमीटरच्या मापकाची नळी चुकून २०० च्या मापकाला वापरली, तर पाऊस बरोबर दुप्पट दिसेल आणि नळी काहीच तक्रार करणार नाही. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता इलेक्ट्रॉनिक मापक. त्यात नरसाळ्याखाली तराजूसारखी झुलणारी दोन कप्प्यांची छोटी बकेट असते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरला की तो कलंडतो, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलंडण्याला 'टिप' म्हणतात. बकेटवर एक चुंबक असतो. टिप झाली की तो जवळच्या स्विचला क्षणभर जोडतो आणि मायक्रोकंट्रोलर नावाची चिप एक अंक मोजते. एका टिपेला किती मिलिमीटर, या आकड्याने टिपांची संख्या गुणली की पाऊस मिळतो.

हा आकडा प्रत्येक बकेटचा वेगळा. आमच्या बकेटवर ०.२ असे लिहिले होते, पण त्यावर न थांबता आम्ही तो तपासला. सलाईनची नळी लावून ४०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडले. २०० चौरस सेंटीमीटरच्या नरसाळ्याला हे पाणी म्हणजे २० मिमी पाऊस. टिपा झाल्या ९७. वीस भागिले सत्त्याण्णव, म्हणजे ०.२०६. शेजारच्या शाळेत असाच मापक बसवला तर हा आकडा ०.१९८ निघेल किंवा ०.२१ निघेल. त्या रात्री टिपा ३०० झाल्या होत्या. ३०० गुणिले ०.२०६ म्हणजे ६१.८. बाटलीच्या आकड्याशी हे छान जुळते. यंत्राने मात्र ०.२५ ने गुणले होते.

हे ०.२५ आले कुठून? कार्यक्रम लिहिताना आमच्या टेबलावर दुसरी बकेट होती, ती ०.२५ ची होती. आम्ही सहज तो आकडा कार्यक्रमात 'काहीच माहीत नसेल तर हा धरावा' म्हणून लिहून ठेवला होता.

यंत्रात कायमचा भरून ठेवलेला जो कार्यक्रम असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. वॉशिंग मशीन, विजेचे मीटर, शेतातल्या पंपाचा मोबाइलवर चालणारा स्टार्टर, या सगळ्यांत तो असतो. फर्मवेअर सर्व यंत्रांत एकच असते. हजार मापकांत तोच कार्यक्रम. सेटिंग्ज मात्र त्या त्या यंत्राच्या आणि त्या त्या जागेच्या: टिपेचे माप, केंद्राचा क्रमांक, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पात्याचा उत्तरेशी असलेला कोन, माहिती किती मिनिटांनी पाठवायची ते. २०१७ पासून महावेध प्रकल्पातून राज्यातील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. सेनगाव तालुक्यातली गोरेगाव, आजेगाव, साखरा ही मंडळे घ्या. प्रत्येक ठिकाणच्या खांबावर सारखेच यंत्र असले, तरी गोरेगावच्या केंद्राने स्वतःला आजेगाव समजून चालणार नाही. गोरेगावचा पाऊस आजेगावच्या नावावर पडेल!

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हे आकडे कार्यक्रमातच लिहून टाकणे. शाळेच्या प्रदर्शनातल्या एका प्रतिकृतीला तो चालतो. पण मग दहा मापकांसाठी दहा वेगळे कार्यक्रम जपावे लागतात, आणि एक चूक दुरुस्त करायची तर दहा ठिकाणी. म्हणून कार्यक्रम एकीकडे आणि सेटिंग्ज दुसरीकडे, एवढे तरी वेगळे करावेच लागते. दुसरीकडे म्हणजे कुठे, हा खरा पेच.

जुन्या यंत्रांनी यावर एक सुंदर उत्तर काढले होते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या अंगावर पांढऱ्या बारीक स्विचची एक ओळ असे. पेनच्या टोकाने ते खालीवर करायचे. कार्यक्रम बदला, वीज घालवा, स्विच जिथे आहेत तिथेच राहतात. आणि मुख्य म्हणजे ते डोळ्यांना दिसतात. आठ स्विचांनी ० ते २५५ अशा २५६ संख्या दाखवता येतात. केंद्राच्या क्रमांकासाठी आम्हाला ही पद्धत आजही आवडते. ०.२०६ सारखे अनेक आकडे ठेवायचे म्हटले तर मात्र स्विचांची माळ फार लांब होते.

दुसरे उत्तर संगणकाने दिले. १९८४ सालच्या आयबीएम पीसी एटी या संगणकात घड्याळ आणि सेटिंग्ज एका लहान स्मृतीत ठेवत आणि ती स्मृती बॅटरीवर जिवंत राहत असे. शाळेतला जुना संगणक सुरू केल्यावर तारीख भलत्याच वर्षाची दिसते आणि पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेल. आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. संगणकाच्या बाबतीत हे कोणाच्या तरी लक्षात येते. माळावरच्या खांबावरील डबा उघडून बॅटरी पाहणार कोण?

म्हणून आज बहुतेक यंत्रे विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीचा आधार घेतात. तिचे मूळ १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी यांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. ट्रान्झिस्टरच्या आत विद्युतरोधक ऑक्साइडने चारी बाजूंनी वेढलेले एक बेट करायचे. जास्त व्होल्टेज लावून त्या बेटावर इलेक्ट्रॉन ढकलायचे. व्होल्टेज काढले की इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात, वर्षानुवर्षे. बेटावर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ० किंवा १ वाचता येतो. या तत्त्वावर दोन भावंडे जन्माला आली. एक ईईप्रॉम. हिच्यात एकेक बाइट वेगळा पुसून पुन्हा लिहिता येतो. दुसरी फ्लॅश, जी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. ती स्वस्त आणि दाट, पण पुसायची तर संपूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. वहीतला एक शब्द बदलायला अख्खे पान फाडून पुन्हा लिहावे तसे. फर्मवेअर फ्लॅशमध्ये राहते. आमच्या मापकातील एटीमेगा ३२८ या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि १ किलोबाइट ईईप्रॉम आहे. आम्ही ०.२०६ हा आकडा ईईप्रॉममध्ये ठेवला होता. म्हणजे जागा चुकली नव्हती.

मग चुकले काय? त्या आठवड्यात आम्ही कार्यक्रमात एक लहानशी सुधारणा केली आणि तो बाहेरच्या प्रोग्रॅमर यंत्राने चिपमध्ये भरला. असा प्रोग्रॅमर कार्यक्रम भरण्यापूर्वी साधारणपणे सगळी चिप पुसतो, आणि त्या फेऱ्यात ईईप्रॉमही पुसले जाते. (अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतील आर्डुइनो बोर्डाला यूएसबीने कार्यक्रम भरताना असे होत नाही, म्हणून अनेकांना हा धोका माहीतच नसतो. चिपमध्ये ईईप्रॉम न पुसण्याची एक खूण असते, ती आधी लावून ठेवावी. आम्ही लावली नव्हती.) वीज आली, कार्यक्रमाने ईईप्रॉम उघडले, तिथे काहीच नव्हते. कार्यक्रम आज्ञाधारक, त्याने आम्हीच शिकवल्याप्रमाणे ०.२५ धरला आणि गुपचूप कामाला लागला.

या 'गुपचूप'मध्ये सगळा घोटाळा आहे. पुसलेल्या बाइटमध्ये सगळे बिट १ असतात, म्हणजे तो वाचला तर २५५ मिळतात. समजा आम्ही टिपेचे माप शतांश मिलिमीटरमध्ये एका बाइटात ठेवले असते आणि पर्यायी आकडा लिहिलाच नसता, तर यंत्राने टिपेला २.५५ मिमी धरून त्या रात्रीचा पाऊस ७६५ मिमी दाखवला असता. मुले हसली असती आणि दोष पाच मिनिटांत सापडला असता. ०.२५ मात्र शहाण्यासारखा दिसतो. बाटली शेजारी नसती तर तो आकडा वहीत गेला असता, वहीतून तक्त्यात, तक्त्यातून अहवालात. वेडगळ चूक आपल्याला वाचवते. सभ्य चूक गळ्याशी येते.

तेव्हापासून आम्ही सेटिंग्जच्या दोन जाती मानतो. माहिती दर किती मिनिटांनी पाठवायची, पडदा किती उजळ ठेवायचा, अशा सेटिंग्ज हरवल्या तर ठरावीक आकडा धरायला हरकत नाही. फार तर माहिती थोडी उशिरा येईल. पण टिपेचे माप आणि केंद्राचा क्रमांक यांना पर्यायी आकडा नसावाच. तो हरवला तर यंत्राने पडद्यावर 'माप नाही' असे स्पष्ट लिहावे आणि टिपा मात्र मोजत राहाव्यात. यंत्राने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट टिपा हीच आहे, मिलिमीटर हे आपले गणित. त्या रात्रीच्या ३०० टिपा आमच्याकडे नोंदलेल्या होत्या म्हणूनच ७५.० खोडून ६१.८ लिहिता आले. केवळ मिलिमीटर साठवले असते आणि माप केव्हा बदलले याची नोंद नसती, तर तो महिना वाया गेला असता.

दुसरा धोका विजेचा. आमच्याकडे वीज जाते ती सरळ जात नाही, आधी डोळे मिचकावते. व्होल्टेज चिपच्या गरजेपेक्षा खाली घसरले की ती अर्धवट शुद्धीत असते. अशा वेळी लिहिलेले भलतेच लिहिले जाऊ शकते. व्होल्टेज उतरताच चिपला थांबवणारे एक मंडल तिच्यातच असते, ते चालू ठेवणे हा पहिला उपाय. पण एक बाइट लिहायला एटीमेगाला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. वीस बाइट लिहायचे तर सत्तर मिलिसेकंद. तेवढ्यात वीज गेली तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी खिचडी तयार होते.

यावरचा उपाय कोणत्याही शिक्षकाला सुचेल असा आहे: दोन प्रती ठेवाव्यात. प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक आणि शेवटी ताळा. गुणपत्रिकेत सगळ्या विषयांची बेरीज खाली लिहितात तसा. नवी सेटिंग नेहमी जुन्या प्रतीच्या जागी लिहायची, ताजी प्रत तशीच राहू द्यायची. मधेच वीज गेली तर अर्धवट प्रतीचा ताळा जुळत नाही, यंत्र ती टाकून देते आणि दुसरी घेते. फार तर काल केलेला बदल वाया जाईल, पण माप जाणार नाही. ताळा म्हणून साधी बेरीज घेण्यात मात्र एक खोच आहे. दोन आकड्यांची अदलाबदल तिला कळत नाही. आणि सगळीकडे शून्य असेल तर बेरीजही शून्य, म्हणजे कोरे पानही बरोबर ठरते! म्हणून सीआरसी नावाची, आकड्यांच्या जागेलाही महत्त्व देणारी रीत वापरतात. तिची सुरुवातही शून्यापासून करत नाहीत.

तिसरा धोका झिजण्याचा. इलेक्ट्रॉन ढकलताना आणि ओढताना ऑक्साइडचा थर हळूहळू खराब होतो. एटीमेगाच्या ईईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची आहे, फ्लॅशची १० हजार. लाख हा आकडा मोठा वाटतो. पण एखाद्याने हौसेने पावसाची एकूण बेरीज दर मिनिटाला ईईप्रॉमच्या एकाच जागी लिहायची ठरवली तर? दिवसाची मिनिटे १४४०. एक लाख भागिले १४४० म्हणजे ६९ दिवस. मृग नक्षत्रावर, ७ जूनला सुरू केलेल्या यंत्राची हमी स्वातंत्र्यदिनी संपते. फ्लॅशची तर आठवड्यातच. हमी संपली म्हणजे स्मृती लगेच मरते असे नाही, पण त्यानंतर तिच्यावर विसंबणे आपल्या जबाबदारीवर. मोठ्यांच्याही हातून हे सुटते. मोटारीतील पडद्यामागची फ्लॅश सततच्या लिहिण्याने झिजत असल्यामुळे २०२१ साली टेस्ला कंपनीला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. रोजची नोंद आणि वर्षातून एकदा बदलणारी सेटिंग यांना एका खोलीत ठेवू नये.

स्मृतीच बिघडली तर यंत्राने सुरूच होऊ नये का? जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली 'स्पिरिट' ही गाडी काही दिवसांतच पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागली. सुरू होताना ती फ्लॅशमधील फायलींची यादी वाचायला जाई, ती यादी फार मोठी झालेली होती, की पुन्हा पहिल्यापासून. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून तिला 'फ्लॅशकडे न पाहता सुरू हो' अशी आज्ञा दिली तेव्हा ती वाचली. ही सोय तिच्यात आधीच ठेवलेली होती म्हणून. मापकाच्या फर्मवेअरलाही सेटिंग्जशिवाय उठून बसता आले पाहिजे, निदान 'माप नाही' म्हणण्यापुरते.

आता मोजनळीकडे परत येऊ. एखाद्या केंद्रावरची बकेट खराब झाली म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने नवी बसवली, पण माप चिपमध्ये जुनेच राहिले, तर स्मृती कितीही निर्दोष असली तरी पाऊस चुकणार. चुकीची मोजनळी वापरल्यासारखेच ते. मग माप दूरच्या मुख्य संगणकावर ठेवावे, असे काही जण सुचवतात. यंत्राने फक्त टिपा पाठवायच्या. टिपा पाठवण्याचे आम्हाला पूर्ण पटते. पण बकेट बदलल्याचे मुख्य कार्यालयाला कळवायचे कोणीतरी विसरणारच. आमच्या मते सेटिंग जिच्याविषयी आहे त्या वस्तूबरोबर तिने प्रवास करावा. मोबाइल बदलला तरी नंबर सिमकार्डाबरोबर जातो, तसे. बॉशच्या बीएमपी १८० या हवेचा दाब मोजणाऱ्या लहानशा संवेदकात कारखान्यातच त्याचे स्वतःचे ११ आकडे भरलेले असतात. तो कोणत्याही यंत्राला जोडा, ते आकडे त्याच्यासोबत येतात. बकेटच्या तळाशीही अशी थोड्या पैशांची ईईप्रॉम चिकटवता येते. केंद्राचा क्रमांक मात्र बकेटमध्ये नव्हे, खांबापाशी हवा, कारण तो जागेचा आहे.

शाळेतल्या मापकात आम्ही हे सगळे केले. माप बकेटच्या चिपमध्ये, दोन प्रतींत, सीआरसीसह. मुलांवर परीक्षा सोपवली: सेटिंग लिहिली जात असताना वायर उपटायची, पुन्हा लावायची, पडद्यावर काय येते ते वहीत लिहायचे. दुपारभर त्यांनी हा उद्योग मनापासून केला. काही वेळा यंत्र जुन्या प्रतीवर परतले, चुकीचे माप एकदाही दिसले नाही. मग एका मुलीने दोन्ही प्रती मुद्दाम पुसल्या आणि नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतले. पडद्यावर 'माप नाही' आले आणि शेजारी टिपा वाढत राहिल्या. तिने झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने ०.२०६ आणि तपासणीची तारीख लिहून ठेवली आहे. सकाळी साडेआठला बाटली मोजणेही चालूच आहे.